रक्त थांबले म्हणून घरी बसू नका

या सदरात एरवी मी दाखले, फॉर्म, शिष्यवृत्तीच्या तारखा आणि दवाखान्यातील कागदपत्रे यांविषयी लिहितो. आज घरची गोष्ट लिहितो आहे. ती लिहावी की नाही याचा बरेच दिवस विचार केला, कारण तिच्यात माझी स्वतःची चूक आहे. शेवटी मावशीच म्हणाली, "लिही रे बाळा. माझं नाव टाकू नको, पण लिही. बाया वाचतील."

मावशी म्हणजे माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण. वय साठीच्या घरात. जन्मभर लोकांची धुणीभांडी करून तिने दोन पोरांना शिकवले. नऊ वर्षांपूर्वी तिला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. पाळी बंद होऊन चार वर्षे झाली असताना अंगावरून लाल जाऊ लागले, तेव्हा कुठे तिने तोंड उघडले. पाच आठवडे बाहेरून शेक, दर आठवड्याला सलाइनमधून औषध आणि मग आतून शेक, असे उपचार झाले. आपल्याकडे कोणी त्याला शेक म्हणतात, कोणी लाईट म्हणतात. डॉक्टरी भाषेत तो किरणोपचार. मावशी बरी झाली. पाच वर्षे तपासण्या झाल्या, सगळे चांगले निघाले आणि घरातली माणसे ते दुखणे विसरून गेली. मीही विसरलो.

मागच्या वर्षी मार्च महिन्यात, एका गुरुवारी सकाळी तिला शौचावाटे रक्त गेले. लालभडक, तांब्याभर असेल असे ती म्हणाली. पोटात दुखले नाही. थोडी चक्कर आली, मग रक्त आपोआप थांबले. धाकटी सून तिला गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी विचारले, "तिखट खाता का? संडासला जोर करावा लागतो का?" आणि मूळव्याध म्हणून गोळ्या व मलम दिले. नऊ वर्षांपूर्वीच्या शेकाबद्दल त्यांनी विचारले नाही आणि मावशीनेही सांगितले नाही. संडासवाटे रक्त जाण्याचा आणि गर्भपिशवीच्या जुन्या दुखण्याचा संबंध असेल, हे तिला कसे सुचावे?

संध्याकाळी मावसभावाचा मला फोन आला. "दादा, मोठ्या दवाखान्यात न्यायचं का?" आमच्याकडे वर्षअखेरीचे हिशेब चालू होते, रात्री नऊपर्यंत ऑफिसात बसत होतो. मी विचारले, "थांबलंय ना? मग रविवारी मी येतो, तेव्हा बघू." ही माझी चूक. मी वस्तीतल्या लोकांना दवाखान्यात घेऊन जाणारा माणूस. माझ्या शब्दावर ते थांबले.

शनिवारी तिला थंडी वाजून ताप आला. गोळीने उतरला. रविवारी मी गेलो तर मावशी चुलीसमोर बसून भाकरी करत होती. "काही नाही रे, उन्हाचं आहे," म्हणाली. मी चहा पिऊन परत आलो. सोमवारी पहाटे ती सार्वजनिक संडासात पडली. शेजारच्या बायांनी दार तोडून तिला बाहेर काढले तेव्हा कपडे, चप्पल, फरशी सगळे रक्ताने भिजले होते. एकशे आठची गाडी आली म्हणून ती दवाखान्यापर्यंत पोचली.

तिथे रक्ताच्या बाटल्या चढल्या. तोंडावाटे दुर्बीण घालून जठर पाहिले, काही दोष दिसला नाही. खालून दुर्बीण घातली तर रक्ताच्या गाठींमुळे नीट दिसेना. रक्त परत थांबले होते. केसपेपरवर लिहिले होते "मूळव्याध?" आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात हलवायचे ठरत होते. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पोट तपासताना लुगडे थोडे खाली सारले आणि बेंबीच्या खाली व दोन्ही बाजूंना तीन काळे ठिपके पाहिले. आपल्या वयस्क बायांच्या हाता-कपाळावर गोंदण असते. पोटावर कोणी गोंदवून घेत नाही. रोज त्याच जागी नेम धरता यावा म्हणून शेक देताना ते ठिपके काढलेले असतात. बाईंनी विचारले, "मावशी, लाईट घेतली होती का कधी?"

त्या एका प्रश्नाने पुढचे सगळे बदलले. लगेच रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन झाला. शिरेतून औषध सोडून काढतात त्याला सीटी अँजिओग्राफी म्हणतात. त्यात दिसले की उजव्या पायाकडे रक्त नेणारी मोठी धमनी आणि लहान आतड्याचे एक वेटोळे एकमेकांना चिकटले आहेत आणि दोघांच्या भिंतीला मिळून एक भोक पडले आहे. धमनीतले रक्त सरळ आतड्यात उतरत होते.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालेला कारकून आहे. पण नंतरच्या तीन आठवड्यांत त्या डॉक्टरबाईंच्या मागे लागून मी जे समजून घेतले आणि लेख छापण्याआधी एका ओळखीच्या डॉक्टरांना वाचून दाखवले, ते आपल्या भाषेत सांगतो.

शरीरातल्या दोन पोकळ्यांमध्ये नको तिथे जी वाट तयार होते तिला फिस्टुला म्हणतात. भगंदर आपल्याला माहीत आहे, तोही त्यातलाच एक प्रकार. पण रक्तवाहिनी आणि आतडे यांच्यामध्ये अशी वाट पडणे ही फार विरळा गोष्ट आहे. पोटातल्या सर्वांत मोठ्या धमनीचा, म्हणजे महाधमनीचा, आतड्याशी असा संबंध जुळल्याचे वर्णन इंग्लंडचे सर्जन अ‍ॅस्टली कूपर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच केले होते. त्या काळी किरणोपचार नव्हतेच. महाधमनी फुगून पातळ झाली किंवा तिच्यावर कृत्रिम नळी बसवण्याची शस्त्रक्रिया झालेली असली, तर पुढे असे होऊ शकते. त्यात बहुतेक वेळा जठरापुढचा आतड्याचा भाग सापडतो, कारण तो महाधमनीला अगदी खेटून असतो. कॅन्सरच्या उपचारानंतर होणारा प्रकार याहूनही विरळा. ओटीपोटाला शेक घेतलेल्या, त्यातही पोटाचे ऑपरेशनही झालेल्या रोग्यांत तो कधीतरी दिसतो. आणि मावशीसारखा पायाकडे जाणाऱ्या धमनीत.

आमच्या वस्तीत पिण्याच्या पाण्याची लाइन गटाराला लागून जाते. बहुतेकांच्या वस्तीत तशीच जाते. दोन्ही पाइप धड आहेत तोवर काही होत नाही. पण गंज चढून दोघांना एकाच जागी भोक पडले, तर पाणी जोरात असताना ते गटारात वाहून जाते, आणि पाण्याचा जोर कमी झाला की गटारातली घाण पाण्याच्या लाइनीत शिरते. मग घराघरात जुलाब सुरू होतात. मावशीच्या पोटात हेच झाले होते. धमनीतले रक्त जोरात असते, ते आतड्यात उतरले. आणि आतड्यातले जंतू उलट रक्तात शिरले, म्हणून शनिवारी थंडी वाजून ताप आला. तो उन्हाचा नव्हता.

आता गंज कसा चढला, ते. शेकाने कॅन्सरच्या पेशी मरतात, पण आजूबाजूच्या चांगल्या भागालाही थोडी झळ लागते. धमनीच्या भिंतीला स्वतःचे पोषण हवे असते. ते तिच्या भिंतीत पसरलेल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळते. शेकामुळे या बारीक वाहिन्या हळूहळू आतून जाड होऊन बुजत जातात. भिंत उपाशी राहते, कडक होते, जागेवर चिकटते. आतड्याचेही तसेच होते. हे काम एका दिवसात होत नाही. सहा महिन्यांनी त्रास सुरू होतो, तसा दहा-वीस वर्षांनीही होतो. आपण समजतो उपचार संपला, बिल मिटले, फाइल बंद. शरीराच्या वहीत ते खाते चालूच असते.

किरणोपचाराखेरीज काही नव्या औषधांनीही आतड्याला भोक पडू शकते. गाठीचे रक्त तोडणारे बेव्हासिझुमॅब नावाचे इंजेक्शन आहे, 2004 मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी त्याला परवानगी मिळाली. आतड्याला भोक पडणे आणि फिस्टुला होणे हे त्याचे क्वचित होणारे पण माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. ज्यांच्या घरी ते इंजेक्शन चालू आहे त्यांनी पोटात अचानक जोराची कळ आली तर रात्र काढू नये.

ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहितो आहे ती आता सांगतो. या दुखण्यात पहिला रक्तस्राव बहुतेक वेळा लहान असतो आणि आपोआप थांबतो. डॉक्टर त्याला इशाऱ्याचा रक्तस्राव म्हणतात. रक्त गेले की रक्तदाब उतरतो, धमनी आकसते, भोकावर रक्ताची गाठ बसते. बूच लागल्यासारखे होते. माणूस उठून बसतो, जेवतो, कामाला लागतो. दाब पूर्ववत झाला की ते बूच निघते. ते काही तासांत निघेल, काही दिवसांत निघेल, कधी आठवडेही जातात. दुसरा किंवा तिसरा स्राव मोठा असतो आणि त्यात माणूस जातो. गुरुवार ते सोमवार, एवढीच मुदत मावशीला मिळाली होती आणि त्यातले चार दिवस मी खाल्ले. हिशेबात फरक आला की आम्ही ती रक्कम तात्पुरती 'सस्पेन्स'मध्ये टाकतो. ताळेबंद जुळल्यासारखा दिसतो. चूक मात्र जिथे आहे तिथेच असते. मी गुरुवारी तेच केले.

घाबरून जाऊ नका, हेही तितकेच खरे आहे. शेक घेतलेल्या बाईला संडासवाटे रक्त गेले की प्रत्येक वेळी असे असते, असे मुळीच नाही. बहुतेक वेळा गुदाशयाचे अस्तर शेकाने नाजूक होऊन त्यातून थोडे थोडे रक्त येते. त्यावर औषधाचा एनिमा आहे, दुर्बिणीतून ती जागा जाळून बंद करता येते. काहींना खरोखर मूळव्याधच असते. पण हे ठरवणार कोण? गल्लीतल्या डॉक्टरांनी बाहेरून बघून ठरवू नये, भाच्याने फोनवर तर नाहीच नाही. आणि शेक घेतलेल्या आतड्याचा तुकडा तपासणीसाठी सहजासहजी काढत नाहीत, कारण ती जखम भरत नाही आणि तिथेच भोक पडू शकते. म्हणून दुर्बीण घालण्याआधी डॉक्टरांना शेकाचे सांगितलेच पाहिजे.

आमच्या बायांची आणखी एक अडचण आहे. सार्वजनिक संडासात दिवा नसतो. पहाटे अंधारात जायचे, पाणी ओतायचे, रांगेतली पुढची बाई दार वाजवते म्हणून उठायचे. किती रक्त गेले, काळे होते की लाल, हे बघायला उजेडच नाही. मावशीलाही गुरुवारच्या आधी दोन-तीनदा काळे झाले असावे असे आता वाटते. डांबरासारखे काळे, चिकट आणि घाण वासाचे शौच म्हणजे वरच्या आतड्यातले जुने रक्त. लोहाच्या गोळ्या घेतल्या तरी काळे होते, हेही लक्षात ठेवा. म्हणून गोळ्या चालू आहेत की नाहीत ते डॉक्टरांना सांगा. आणि बॅटरी घेऊन जा. मोबाइलची चालते.

वॉर्डात बसलो असताना मला दुसरीही एक गोष्ट कळली. रक्तवाहिनीचा फिस्टुला विरळा, पण शेकानंतर लघवीची पिशवी आणि योनिमार्ग, किंवा गुदाशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये वाट पडणे त्यामानाने कितीतरी अधिक घडते. लघवी सतत झिरपते, नाहीतर शौच भलत्या वाटेने येते. शेजारच्या खाटेवरची बाई दोन वर्षे हे सोसत होती. घरात तिची वाटी वेगळी, झोपायची जागा मोरीशेजारी. नवऱ्याला वाटे कॅन्सर परत आला, सासूला वाटे बाईच घाणेरडी. ती दवाखान्यात आली ती अंगात रक्त उरले नाही म्हणून, झिरपण्याबद्दल तिने केसपेपर करतानाही सांगितले नाही. अस्पृश्यता काय असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको, आणि तरी आपल्याच घरात एका आजारी बाईची वाटी वेगळी होते. या त्रासावर इलाज आहे. काहींना पोटावर शौचाची पिशवी लावून खालचा भाग कोरडा ठेवता येतो, काहींवर शस्त्रक्रिया होते. कॅन्सर परत आला आहे का, हेही त्याच वेळी तपासतात. पण आधी बाईने बोलले पाहिजे आणि घरच्यांनी नाक न मुरडता ऐकले पाहिजे.

मावशीचे पुढे काय झाले ते सांगतो. सीटीचा निकाल आल्यावर दोन तासांच्या आत तिच्या जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून, कापडी अस्तर असलेली जाळीची नळी त्या भोकावर आतून बसवली. रक्त बंद झाले. पण डॉक्टरांनी लगेच सांगितले, हा पूल आहे, घर नव्हे. कारण जिथे ती नळी बसवली तिथे आतड्यातली घाण पोचलेली आहे. दहा-बारा दिवसांनी ताकद आल्यावर पोट उघडून आतड्याचा तेवढा तुकडा काढला आणि टोके जोडली. काही रोग्यांमध्ये खराब झालेली धमनी बांधून टाकावी लागते आणि पायाला रक्त मिळावे म्हणून दुसऱ्या पायाच्या किंवा काखेतल्या धमनीतून कृत्रिम नळीने नवी वाट काढावी लागते. मावशीला ते लागले नाही. जंतुनाशक औषध मात्र अजून चालू आहे आणि किती दिवस चालेल ते कोणी सांगत नाही. ताप आला की घरात सगळे एकमेकांकडे बघतात.

कोणी म्हणेल, मग शेक घ्यायचाच कशाला? वस्तीत हे बोलणे सुरू झाले, म्हणूनही हा लेख लिहिला. शेक घेतला नसता तर मावशी नऊ वर्षांपूर्वीच गेली असती; आणि न रोखलेला कॅन्सर स्वतःच आतडी, लघवीची पिशवी पोखरून वाटा पाडतो. उपचारातही सुधारणा होते आहे. टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनंतर शेक लागणाऱ्या 300 स्त्रियांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध केला. रोज आतले चित्र पाहून नेमका मारा करणाऱ्या पद्धतीत तीन वर्षांत शंभरातल्या साधारण 21 जणींना आतड्याचा जाणवण्याजोगा त्रास झाला, आधीच्या पद्धतीत 42 जणींना. तेव्हा शेक लिहून दिला तर डॉक्टरांना विचारा, आतडे वाचवण्यासाठी कोणती पद्धत वापरणार? विचारण्यात उद्धटपणा नाही.

आणि शेकाची वेळच येऊ नये यासाठी तपासणी आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या डॉक्टरांनी दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, दहावी शिकलेल्या आणि प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावून गर्भपिशवीचे तोंड तपासले. या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. हा निकाल 2014 मध्ये छापून आला. व्हिनेगर म्हणजे चायनीजच्या गाडीवर असते तेच. तीस वर्षांपुढच्या आपल्या किती बायांची ही तपासणी झाली आहे? महिला मंडळाच्या सभेत हात वर करायला सांगितले, चाळीस बायांत तीन हात वर आले.

आता कागदांचे. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मावसभावाला विचारले, "शेक किती दिला, कुठे दिला, कोणत्या साली, त्याचा कागद आहे?" नऊ वर्षांपूर्वी मीच ती फाइल लावून दिली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवायला सांगितले होते. पाच वर्षांची तपासणी झाल्यावर रंगकामाच्या वेळी ती रद्दीत गेली. मूळ रुग्णालयातून नक्कल मिळायला सहा दिवस लागले. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्रानेही रेशनकार्ड आणि ओळखपत्राबरोबर जुने कागद मागितले.

म्हणून ज्या घरात कोणी पोटाला किंवा ओटीपोटाला शेक घेतला आहे, त्यांनी एक पुठ्ठ्याचे कार्ड करून ते रेशनकार्डाला जोडून ठेवा. त्यावर ठळक अक्षरात: नाव, कॅन्सर कुठला, शेक कोणत्या साली आणि कुठल्या भागाला, किती वेळा, आतून शेक दिला का, ऑपरेशन झाले का, रक्तगट. सोबत डिस्चार्ज कार्डाची नक्कल. दवाखान्याच्या दारात पाय ठेवल्याबरोबर पहिले वाक्य हेच बोला: "हिने लाईट घेतली आहे." रक्त पुष्कळ गेले असेल, चक्कर किंवा घाम येत असेल, रक्ताच्या गाठी पडल्या असतील, रक्ताबरोबर थंडीताप किंवा पोटात-कंबरेत दुखणे असेल, तर सीटी स्कॅन आणि रक्तपेढी जिथे आहे तिथेच जा. रक्त थांबलेले असले तरी जा. लहान दवाखान्यात एक दिवस काढून मग तिकडे जाण्यात वेळ जातो.

मी गेल्या रविवारपासून वस्तीत अशी कार्डे लिहायला बसतो आहे, सकाळी दहा ते बारा, वाचनालयाच्या ओट्यावर. पहिल्या दिवशी सात बाया आल्या. त्यातल्या दोघींनी आजवर घरात कोणालाच सांगितले नव्हते की संडासवाटे रक्त जाते. एकीला सोमवारी रजा टाकून मी स्वतः घेऊन गेलो. गुदाशयाचे अस्तर नाजूक झाले आहे एवढेच निघाले, उपचार सुरू झाले. दुसरी म्हणाली, मुलीची परीक्षा झाली की येते. तिला मी उद्या सकाळी न्यायला जाणार आहे.